भीमाबाईंच्या वहीतली ओवी

"तू बघत होतास! पळस्प्याच्या फाट्यावर न्हावा शेवा बंदराचा कंटेनर माझ्या पोराच्या, स्वानंदच्या स्कूटरवर चढला, तेव्हा तू वर ढेकर देत बसला होतास!"

शशिकलाला हे देव्हाऱ्यासमोर ओरडायचं होतं. पण अकरा महिने जो येई तो तिच्या तोंडात एकच बोळा कोंबे: "देवाची इच्छा, वहिनी." जणू देवाने यांना पोस्टकार्ड टाकून कळवलं होतं.

मग शेजारच्या भीमाबाईंनी तिला आपल्या आजीची ओव्यांची वही दिली. भीमाबाई ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. समजावलं काही नाही, नुसता चहा टाकला. वहीत क्रुसाखाली उभी मरिया देवाला झापत होती:

*नऊ मास वाहिला म्यां भार*
*तुवां एके क्षणीं केला ठार*
*कैसा म्हणविसी करुणाकर*
*बाप होऊनी*

शशिकला त्या दिवशी पहिल्यांदा धाय मोकलून रडली. धर्मबिर्म बदलायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. भांडायला शब्द मिळाले, एवढंच.

गुरुवारच्या भजनी मंडळात तिने ही ओवी म्हटली. मंडळाच्या प्रमुख सुमतीताईंनी डोळे टिपत जाहीर करून टाकलं, "देवकीचा विलाप गं! कुणा जुन्या संताचा दिसतोय." चार गुरुवार बायका टाळ कुटत रडल्या. पाचव्या गुरुवारी शशिकला पुढची ओवीही म्हणाली:

*हातीं पायीं ठोकिले खिळे*
*रक्त तयाचें धुळीस मिळे*
*तुझे कैसे मिटले डोळे*
*हाक येतां*

टाळ थांबले.

"देवकीच्या पोराला खिळे कुणी ठोकले?" सुमतीताईंनी विचारलं.

"देवकीच्या नाही. मरियेच्या."

"अगं बाई! चार गुरुवार बाटवलंस की आम्हाला!"

"चार गुरवार रडलात तवा नाय बाटलात?" मागे टाळ धरून बसलेली हौसा म्हणाली.

"तू गप गं! शशिकला, नारळ ठेव, देवाची माफी माग. नाहीतर पुढच्या गुरुवारपासून मंडळ बंद तुला. भांडायचंच होतं तर आपले संत देवाशी काय कमी भांडलेत?"

"भांडलेत की. त्यांचंही म्हणून बघितलं, ताई. पण या मरियेचं पोर हिच्या डोळ्यांदेखत गेलंय. ही माझ्यासारखी बोलते."

सुमतीताईंनी नारळ पुढे सरकवला. शशिकलाने तो परत त्यांच्याकडे ढकलला आणि सरळ मूर्तीकडे तोंड केलं.

"माफी मी मागू? दवाखान्यात तीन तास जीव होता त्याच्यात. तीन तास मी तुझंच नाव घेत होते. एकदा तरी खाली वाकलास का? या बायांना मध्ये घालू नकोस. तू बोल!"