कर्म नसलेले वाक्य

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सोमवारी लागलेले पत्रक म्हणते : "द्वितीय वर्षाच्या सदर विद्यार्थिनीने परीक्षा चालू असताना उचलल्याचे निष्पन्न झाले असून, तिने ते स्वेच्छेने मान्य केले आहे."

'स्वेच्छेने' वगळल्यास या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. खोटे आहे ते न लिहिलेल्या शब्दात. 'उचलणे' हे सकर्मक क्रियापद; त्याला कर्म लागते. पत्रकात कर्म नाही, भोग तेवढा आहे.

घडले ते असे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला फिट आली आणि ती दोन बाकांच्या मध्ये कोसळली. पर्यवेक्षक कॉरिडॉरमध्ये चहा घेत होते. मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि तिने पडलेल्या मुलीला उचलले. पर्यवेक्षक परतले तेव्हा एक परीक्षार्थी जागेवर नव्हती आणि दुसरीची उत्तरपत्रिका फरशीवर होती. आपण कुठे होतो हे लिहिण्याऐवजी त्यांनी अहवालात पाच शब्द लिहिले : "सदर विद्यार्थिनीने जागा सोडून उचलले."

नियम सतराप्रमाणे दुसऱ्याची उत्तरपत्रिका उचलणाऱ्यास तीन वर्षे परीक्षेला बसता येत नाही. चौकशी समितीत आम्ही तिघे : उपप्राचार्य, ग्रंथपालबाई आणि भाषा शिकवणारा मी. पर्यवेक्षक उपप्राचार्यांचे भाचेजावई आहेत. हा योगायोग नोंदवण्याजोगा कुणाला वाटला नाही.

साक्षीदार अडतीस होते. पण नियम नऊ म्हणतो, परीक्षेत इकडेतिकडे पाहणे हा गुन्हा. "मी पाहिले" म्हणणारा आधी स्वतःच सापडला असता. तेव्हा सर्वांनी प्रामाणिकपणे सांगितले की आपण काहीच पाहिले नाही. फिट आलेल्या मुलीला काही आठवत नव्हते. बेशुद्ध माणसाची साक्ष धरत नाहीत, असे ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि ते अगदी कायद्याला धरून होते.

मी एकच मुद्दा मांडला. "उत्तरपत्रिका स्त्रीलिंगी आहे. ती उचलली असती, तर यांनी 'उचलली' लिहिलं असतं. 'उचलले' लिहिलंय. म्हणजे 'मुलीला उचलले'. यांच्या हाताला खरं ठाऊक होतं."

उपप्राचार्य हसले. "सर, एका मात्रेवर पोरीला सोडायचं? मग उद्या अनुस्वारावर पास करा! हा काही व्याकरणाचा तास नाही."

"व्याकरण नको, तर जावईबापूंना विचारा, काय उचललं ते."

"जावईबापूंना मध्ये आणू नका," असे म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

मुलगी मामासोबत आली. मामा शिंपी, गळ्यातला टेप काढायचा विसरलेला. बाप नसलेल्या भाचीला त्यानेच इथवर आणले होते. खुर्ची दाखवली तरी तो बसला नाही.

"हे बघा," उपप्राचार्य म्हणाले, "आम्हालाही लेकीबाळी आहेत. माफीपत्र लिहू दे, याच पेपरापुरती शिक्षा करू. नाहीतर तीन वर्षं."

"पण सर, मी चोरी नाही केली," मुलगी म्हणाली.

"चोरी म्हटलं का कुणी? उचललंस की नाही?"

"उचललं, पण..."

"झालं तर मग! तेवढंच लिही."

"मामा, सांग ना यांना. ती मरत होती रे."

मामाने टेपचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "लिही गं बाई. तीन वर्षं म्हणजे काय, कळतंय का? तुझी आई रोज विचारते, पोरीचं शिक्षण कधी संपणार. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हे तर कोर्टही नाही. इथं अपील कुणाकडे करशील? अडला हरी, गाढवाचे पाय..." एवढे बोलल्यावर आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने जीभ चावली.

उपप्राचार्यांना म्हण पुरती ऐकू आली नसावी, किंवा आली असावी. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुझ्याच शब्दांत. काय केलं, चुकलं, पुन्हा करणार नाही. बस्स."

मुलगी बराच वेळ लिहीत होती. तिने लिहिलेले उपप्राचार्यांनी पहिल्या ओळीपुरते वाचले, खालची सही पाहिली, आणि ते स्वीकारण्याचा ठराव एकमताने झाला. त्या एकमतात माझेही मत होते. हात वर करताना मी तिच्या वाचलेल्या वर्षांचा विचार करत होतो, असे मी स्वतःला सांगितले. वर्षे वाचलीच. मामा सर्वांना नमस्कार करून गेला.

पत्रकाने तिच्या कबुलीतला एकच शब्द घेतला. बाकीचे शब्द दप्तरी आहेत, ते तिच्याच लेखनानुसार देतो :

"मी परीक्षेत उचललं. तिची मान बाकाच्या लोखंडी पायात अडकली होती आणि ओठ निळे पडत होते, म्हणून मला घाई झाली. मी परवानगी घेतली नाही. मी चुकले. यापुढे कुणी पडलं तर मी हात वर करीन आणि सर येईपर्यंत जागेवर बसून राहीन."