नातवाच्या कोटाचा डावा खांदा

आमच्या नातवाला खोटं बोलता येत नाही, असं त्याची आई चारचौघांत सांगत फिरते. येतं. आणि तेही तोंडभर हसून येतं. गुरुवारी तो मास्तरांच्या दुकानात कोटाच्या ट्रायलला गेला, आरशात स्वतःच्या डाव्या खांद्यावर बैलासारखं वशिंड आलेलं बघितलं, आणि मास्तरांना म्हणाला, "मस्त! एकदम मस्त झालाय!" मग घरी येऊन स्वयंपाकघरात आईला हळूच सांगतो, "तो घालून गेलो तर हसतील सगळे. मी तयार सूट विकत घेतो. मास्तरकाकांना सांगू, तुमचाच घातला म्हणून."

हळूच म्हणजे मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.

सोमवारी त्याला कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढे उभं राहून बोलायचं होतं. बोलणं पसंत पडलं तर अख्खी शाखा त्याच्या हाताखाली येणार होती. सूट शिवून घ्यायचा हट्ट माझा. मास्तर म्हणजे आमच्या ह्यांच्या हाताखाली तयार झालेला कटर, ह्यांना दादा म्हणणारा. हे गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं. पण दोन वर्षं झाली, त्यांच्याकडे एकही सूट आला नव्हता. चेन बदला, पँट आखूड करा, पडद्याला पट्टी मारा, एवढंच. नातवाच्या सुटाचं कापड टेबलावर पसरलं त्या दिवशी त्यांनी कातर दोनदा पुसली होती. आणि हा म्हणे तयार घेतो!

"चपला घाल," दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणाले.

"कुठे जायचंय, आजी?"

"जिथे थाप मारून आलास तिथे."

रस्ताभर त्याची कुरकुर चालू. "अगं, म्हातारा माणूस आहे. मला कोट घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कसं सांगणार होतो मी?"

"तोंडाने."

दुकानाच्या पायऱ्या चढले तर तोच वास. ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरली की लोकरीच्या कापडाचा सुटतो तो. बत्तीस वर्षं त्या वासात मागच्या खिडकीपाशी बसून मी काजं केली. शाळेत माझ्या दोनच यत्ता झाल्या, आकडे शिकवले ते ह्यांच्या टेपने. हे मापं घेताना पुकारायचे, "छाती अडतीस, बाही साडेतेवीस," आणि मी वहीत उतरवायचे. कमरेच्या मापाला गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की मी मान वर न करता दोन इंच वाढवून लिहायचे. श्वास धरलेला आवाजावरून कळतो. आमच्याकडची पँट कमरेत घट्ट झाली अशी तक्रार कधी आली नाही.

आणि ट्रायल! ह्यांची ट्रायल बघायला शेजारचा घड्याळवाला काम टाकून यायचा. कच्च्या टाक्यांवर जोडलेला कोट हे गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचे, आणि ते काही बोलायच्या आत एक बाही खांद्यापासून टर्रकन उसवून त्याच्याच हातात द्यायचे. माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. "घाबरू नका," हे म्हणायचे, "अजून काहीच पक्कं नाही. आता बोला, कुठे खुपतंय?" मग माणसं मोकळी व्हायची. काखेत काचतंय, मानेला लागतंय, वाकलं की पाठीत ओढतंय. एक वकील तर सासऱ्यांच्या तक्रारीसुद्धा सांगून गेला. हे सगळं ऐकून घेत, खडूने खुणा करत. 'छान आहे' म्हणून लगेच निघणारं गिऱ्हाईक ह्यांना मुळीच आवडायचं नाही. "हा काही परत येत नाही बघ," म्हणायचे. आणि तो यायचा नाही.

मास्तर कोटाला अस्तर लावायच्या तयारीत होते. मला बघून धडपडत उठले. "वहिनी! तुम्ही कशाला पायऱ्या चढलात? रविवारी घरी आणून देणार होतो मी."

"अस्तर राहू द्या. आधी मला ह्याच्या अंगावर बघू द्या."

नातवाने कोट चढवला आणि माझ्याकडे पाठ करून आरशासमोर उभा राहिला.

ह्यांची पाठ होती ती. तीच मानेवर बसलेली कॉलर, तशीच कमरेपाशी किंचित आत गेलेली शिवण. ह्यांनी जन्मात स्वतःसाठी एकच कोट करून घेतला, तो मास्तरांकडून. वर्षानुवर्षं टेबलावर एका बाजूला वाकून ह्यांचा डावा खांदा उतरला होता. मास्तरांनी तेवढा भाग खाली कापून आत जास्तीचा पॅड भरला आणि दोन्ही खांदे सारखे दिसतील असं केलं. लोकांना कधी पत्ता लागला नाही. मला ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं. आता तोच पॅड माझ्या नातवाच्या चांगल्या सरळ खांद्यावर चढून बसला होता.

खरं सांगते, मला वाटलं, असू दे. उभा राहू दे ह्याला असाच. 'छान झालाय' हे माझ्याही ओठांपर्यंत आलं.

मग मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मास्तर, हा खांदा ह्याचा नाही."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. नातवाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला, पुन्हा फिरवला. वही काढून बघितली. मापं बरोबर होती, दोन्ही खांदे सारखेच लिहिलेले. वही मिटून ते स्टुलावर बसले.

"माप लिहिलं ह्याचं आणि खांदा कापला दादांचा. मागून अगदी तसाच दिसतो हो हा, वहिनी."

"दिसतो," मी म्हणाले.

मास्तरांनी बसल्या बसल्या कोटाची मागची कड हाताने सारखी केली. बिचारा नातू हलायची सोय नसल्यासारखा उभा.

मग मास्तरांनी विचारलं, "गुरुवारी दिसलं होतं तुला हे?"

नातू चपलांकडे बघायला लागला.

"दिसलं होतं ना?"

"हो, मास्तरकाका. पण तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग सोमवारी हाच घालून जाणार होतास?"

हा कोटाची कड चाचपायला लागला. मास्तरांना कळलं, हा तो घालणारच नव्हता. चूक सापडली तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"शिवणीत कापड सोडलंय का?" मी मुद्दाम चढ्या आवाजात विचारलं.

"म्हणजे काय! दादांच्या हाताखाली शिकलोय, वहिनी. चांगलं इंचभर सोडलंय." ते उठले. "खांदा सोडवतो, बाहीचा मुंढा सोडवतो, पॅड बदलतो. रविवारी दुपारी इस्त्री. फक्त काजांना आता माझी नजर पोचत नाही."

"सुई द्या इकडे."

त्यांनी ब्लेड घेतलं आणि नातवाच्या अंगावरच डाव्या खांद्याचे टाके तोडायला सुरुवात केली. खालच्या कापडाला ओरखडासुद्धा आला नाही. पॅड निघाला, वशिंड बसलं.

"सॉरी, मास्तरकाका," नातू पुटपुटला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच बोललो मी."

मास्तर तोंडात टाचण्या धरून होते, त्यांच्याऐवजी मीच बोलले.

"बरं वाटावं म्हणून? ऐक, शहाण्या. मास्तरांचा हात चुकला, तो बघ, तुझ्या खांद्यावरच सुधारतोय. त्यांना जमेल की नाही हे तू विचारलंससुद्धा नाहीस. आपल्या आपण त्यांना म्हातारं ठरवलंस, गोड हसलास आणि सटकलास. उद्या तुझ्या हाताखाली माणसं येतील. त्यांच्या वाकड्या कामालाही तू मस्तच म्हणणार, आणि मागून दुसऱ्याकडून करून घेणार. सोमवारी साहेब तुला काय द्यायची ती खुर्ची देवोत, माझ्याकडून आज तू नापास. आता सरळ उभा राहा. आणि टाचणी टोचली तर ओरड."