कडूबाईच्या शेजारची रिकामी जागा

मित्रांनो, मी चर्चमधला एक जुना बाक आहे आणि माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे स्वस्थ बसणं मला जन्मापासून ठाऊक नाही. शेवगावच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि जाताना म्हणाला, "थोडं डुगडुगतंय, पन चालंल." ते 'चालंल' मी आजवर भोगतो आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दर नाताळाला मला पॉलिश व्हायचं. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आम्हा जुन्या बाकांना भिंतीकडे सारलं. पोरं चिकट हात माझ्या पोटाला पुसतात. त्याचाही राग येतो, पण माझा जीव खरा टांगणीला लागायचा तो कडूबाईमुळे.

कडूबाई भिंतीकडच्या टोकाला बसायची. तिची मोठी जाऊ केशरबाई दुसऱ्या टोकाला. कडूबाईचा नवरा याकोब वारला, तेव्हा भरल्या घरात केशरबाई बोलून गेली होती, "येळेत दवाखान्यात नेलं असतं, तर जगला असता." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दर रविवारी कडूबाई डोळे मिटून पुटपुटायची, "देवा, माज्या जिवाला शांती दे." आणि मागता मागता तिचा पाय असा हलायचा, की मीही थरथरायचो. अहो, मागणारीच क्षणभर थांबेना, तर देणाऱ्याने द्यावं कुठे?

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या रविवारी आमच्याकडे भाकरीच्या तुकड्यांची थाळी बाकाबाकावरून हातोहात फिरते. मनात कुणाशी तेढ असेल, तर तुकडा न घेता थाळी पुढे द्यायची, ही इथली रीत. कडूबाई कित्येक वर्षं ती तशीच मागच्या बाकावर द्यायची. आपण निदान ढोंग करत नाही, एवढंच तिचं समाधान.

यंदा कांदाकाढणीच्या दिवसांत निम्म्या बायका वावरात होत्या. एरवी दोघींच्या मध्ये तिघी-चौघी असायच्या, त्या प्रभुभोजनाला कुणीच नव्हतं. केशरबाईने थाळी धरून हात लांबवला, तो पोचेना. थाळी माझ्यावर ठेवून सरकवता आली असती, पण प्रभूची थाळी बाकावर ठेवायची कशी? केशरबाई स्वतःच सरकत आली. मी खटकन वाजलो आणि सगळे वळून पाहू लागले.

कडूबाईने थाळी घेतली, पण पुढे दिली नाही. "जाऊबाई, तुमी एकदाच बोल्लात," ती म्हणाली. "मी रोज सोताला तेच बोलते. मीच न्हाई नेलं येळेत."

केशरबाईने पदर तोंडाला लावला. "गप गं. याकोब जायच्या आदल्या दिशी मी बी आल्ते की तुज्या घरी. मला तरी कुठं कळलं? तुज्यावर ढकलून मी मोकळी झाले. देवानं तुला कवाच माफ केलंय. आता मला तू कर."

दोघींनी एकेक तुकडा घेतला. कडूबाई पोटभर रडली. रडणं ओसरल्यावर ती नुसती बसून राहिली, काहीही न मागता. इतकं निवांत माझ्यावर कधी कुणी बसलं नव्हतं. मला तिचा हेवाच वाटला.

मित्रांनो, मला पुसत जा, ऊन-पावसात बाहेर टाकू नका, एवढी विनंती आहेच. पण माझ्यावर शांती मागायला बसाल, तेव्हा आधी शेजारी बघा. मला एकाच दिशेला तोंड करून ठेवलंय. मला वळता येत नाही, तुम्हाला येतं.