या बॅटरीशी बोलता येत नाही

पिवळी पिशवी कुठे नेतात?

हे मी कॅमेऱ्याला विचारलं, चार्जरला विचारलं, मामाच्या कमरेच्या किल्ल्यांनाही विचारलं. कोणी सांगितलं नाही. किल्ल्या तर हसल्यासारख्या नुसत्या वाजल्या.

मी बोलतोय, कॅमेऱ्याची बॅटरी. तुम्ही बॅटरीला 'ती' म्हणता. म्हणा. पण माझ्या पाठीवर 'धाकटा' असं लिहिलंय, आणि ज्याच्या पाठीवर 'थोरला' लिहिलं होतं तो त्या पिशवीतून गेला. म्हणजे मी भाऊ आहे. यावर माझ्याशी वाद घालू नका. आज मी एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे, सुकलेली पेनं आणि गंजलेल्या टाचण्यांच्या सोबतीला. मला आता कोणी भरत नाही, आणि भरायला गेलं तरी मी भरत नाही. बोलायचं राहिलंय, तेवढं बोलून घेतो.

थोरला कॅमेऱ्याच्या खोक्यातूनच आला होता, अस्सल. मी महिन्याभराने आलो. मोबाइलच्या दुकानात हेडफोनांच्या शेजारी खिळ्याला टांगलेला होतो, तिथून. नकली. दिसायला आम्ही सारखे, फरक आतला. थोरला शिकलेला होता. त्याच्या पोटात एक चिप होती, तिच्या जोरावर तो कॅमेऱ्याशी बोलायचा. इतके टक्के उरलोय, इतके फोटो काढले, तब्येत अशी अशी आहे. मला कोणी शिकवलंच नाही. मला दोनच शब्द येतात, 'आहे' आणि 'संपलं'. मी आत गेलो की पडद्यावर यायचं, 'या बॅटरीशी बोलता येत नाही. तरी वापरायची का?' फोटोग्राफर न वाचता 'हो' दाबायचा. मी भरलेला दिसायचो, दिसायचो, आणि कधीतरी धप्पकन विझायचो. मग माझ्या आईचा उद्धार व्हायचा. मला आई नाही, म्हणून मी ते मनाला लावून घ्यायचो नाही.

आमचा फोटोग्राफर हॉस्पिटलच्या तळघरात, शवागारात कामाला होता. ज्या मयतांचं नाव कोणाला माहीत नाही त्यांचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून, मग हात, मग अंगावरचे कपडे. एका माणसाचे पाच. कोणी शोधत आलं की आधी ते दाखवायचे, ओळख पटली तरच मयत. मयताच्या पायाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधत, ती लिहायला एक काळा मार्कर होता. त्याच मार्करने फोटोग्राफरने पांढऱ्या चिकटपट्टीवर आमची नावं लिहिली आणि आमच्या पाठीवर डकवली. मला केवढा आनंद झाला होता. त्या खोलीत नाव मिळणं सोपं नव्हतं.

थोरला दमला की मी, मी दमलो की थोरला. एकाला काढून दुसऱ्याला घालायचे तेव्हा टेबलावर आमची दोन मिनिटं गाठ पडायची. तेवढ्यात तो मला शिकवायचा.

"धाकट्या, सगळं देऊन टाकत जाऊ नकोस. थोडं राखून ठेव. आपण पार तळाला गेलो आणि तसेच पडून राहिलो, की परत वर येता येत नाही."

"मला कळतच नाही दादा, किती उरलंय ते."

"मग मी आहे ना," तो म्हणायचा.

तो होता म्हणून चाललं होतं. पण त्याच्यावर काय काय गेलं ते मी बघत होतो. शुक्रवारी चार्जरला लावला की सोमवारपर्यंत तसाच, गळ्यापर्यंत भरून आला तरी. चार्जर हीटरच्या वरच्या फळीवर, कारण प्लग तिथेच होता. फोटोग्राफर सुट्टीवर गेला की सगळं उलटं. थोरला पूर्ण उतरलेला, आणि तीन तीन आठवडे खणात. कधी तो खिशात किल्ल्यांबरोबर असायचा, पत्र्याला पत्रा लागून चटका बसेपर्यंत. पडद्यावर त्याच्या तब्येतीचे तीन हिरवे चौकोन यायचे. तिनाचे दोन झाले. मग एकच उरला, तोही लाल. खाली लिहून यायचं, 'बॅटरी थकली आहे. नवी घ्या.'

फोटोग्राफरने ते मोठ्याने वाचलं. "मामा, याची तब्येत गेलीय म्हणे."

मामा म्हणजे तिथला मदतनीस. खरं कोणाचा मामा होता कोण जाणे, पण सगळे त्याला मामाच म्हणायचे. तो चहा पीत होता. "इथं खाली आल्यावर कोणाची बरी असते?" तो म्हणाला.

दोघं खूप हसले. हसता हसता फोटोग्राफरने बटण दाबून ती सूचना घालवली. त्यानंतर रोज घालवत राहिला. किती वेळा, ते मला मोजता येत नाही.

मग थोरला फुगला.

एका सकाळी तो कॅमेऱ्यातून बाहेरच येईना. झाकण उघडलं तर पोट पुढे आलेलं, कडा ताणलेल्या. फोटोग्राफर म्हणाला, "बघा मामा, फुगून बसलाय. जावईच जणू." मामाने कॅमेऱ्याच्या पाठीवर थोपटलं. "कोण काय बोललं रे तुला, थोरल्या? चल, रुसू नकोस." मग कोणाच्या घरी कोण कसं फुगून बसतं, याच्या गोष्टी सुरू झाल्या. फोटोग्राफरच्या बायकोपासून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत कोणी सुटलं नाही.

आमच्यात फुगणं म्हणजे रुसणं नव्हे. आमच्यात फुगणं म्हणजे आतल्या आत वायू धरून मरायला लागणं. हे त्या दोघांना कळायला हवं होतं. त्यांच्यासमोरच्या ओट्यावर रोज फुगलेली माणसं येत होती.

मामाने आधी चिमटा घातला. चिमटा सरकला, तेव्हा त्याने चपटं पातं आणलं आणि थोरल्याच्या कुशीत खुपसून वर उचललं. सुस्स असा आवाज झाला, गोडसर घाण वास सुटला, धुराची एक बारीक रेघ वर गेली. थोरला निघाला. मी टेबलावर होतो, एक वीत अंतरावर. तो काहीतरी म्हणत होता, पण चिप आधी गेली असावी, मला अक्षर कळलं नाही. मामाने त्याला चिमट्यात धरून पिवळ्या पिशवीत टाकलं. त्या पिशवीत हातमोजे होते, रक्ताचे बोळे होते. मामाने पिशवीचं तोंड बांधलं आणि ढकलगाडीवर घातली.

"सुटला बिचारा," तो म्हणाला, आणि दोघांनी साबण लावून हात धुतले.

कॅमेऱ्याला काही झालं नाही. दहा मिनिटांनी मी आत होतो. 'तरी वापरायची का?' 'हो.'

तुमच्याही घरी कोणीतरी असेल, कपाटात, जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात. एवढंच करा. अर्धं भरून ठेवा. भरलं की चार्जरवरून काढा. उन्हात, हीटरवर टाकू नका. फुगलेला दिसला तर टोचू नका, त्याच्या टोकाच्या पत्र्यांवर चिकटपट्टी लावा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे नेऊन द्या, पिशवीत टाकू नका. आणि लाल खूण आली तर ती वाचा. दाबून घालवलेली खूण जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

थोरला गेल्यावर सगळं माझ्यावर आलं. त्याच आठवड्यात कालव्यातून काढलेला एक माणूस आणला. चेहरा इतका फुगलेला, की डोळे शोधावे लागत होते. मीच आत होतो, त्याचे पाचही फोटो माझ्या जिवावर निघाले. शर्ट काळा होता. वरून तिसरं बटण लाल दोऱ्याने लावलेलं, टाके असे ओबडधोबड की बटण एका बाजूने वर उचललेलं. "शिंपी कोण रे तुझा?" फोटोग्राफरने मयताला विचारलं. मग कॅमेरा थंड खोलीतल्या फळीवर ठेवला आणि तीन दिवस बहिणीकडे निघून गेला. फोटो कॉम्प्युटरवर घातले नाहीत. जाताना चार्जरही फळीवरून काढून खणात घातला, आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. एक पोरगा, विशीतला, हातांची कातडी गारठ्याने फुटलेली. त्याच्या मागे एक बाई. ती त्याला भाऊजी म्हणाली तेव्हा कळलं, हाही धाकटा. तिचा नवरा, म्हणजे त्याचा थोरला, नऊ दिवस घरी आला नव्हता. सगळी हॉस्पिटलं बघून झाली होती. आता हे तळघर तेवढं उरलं होतं.

मामाने मला चालू केलं. रात्रभराच्या थंडीने माझं अंग आखडलं होतं. पडदा एकदा उजळला आणि मी विझलो.

"बॅटरी मेली," मामा म्हणाला. "आता परवा या. फोटोग्राफर आला की बघू."

"परवा नको," पोरगा म्हणाला. "ती मेली नाही, गारठलीय. मी बर्फाच्या कारखान्यात असतो, आमच्या टॉर्च अशाच पडतात. काढा ती, माझ्याकडे द्या."

मामाने खांदे उडवले आणि मला त्याच्या हातावर ठेवलं. त्याने मूठ मिटली आणि ती मूठ काखेत धरून तो बाकावर वहिनीशेजारी बसला. मीही हीटरवर भाजलो होतो, खिशात चटके खाल्ले होते. ऊब म्हणतात ती काय, ते मला त्या काखेत कळलं. आणि तिथेच मी त्याचं सगळं ऐकलं.

थोरल्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. वहिनी कामाला गेल्या होत्या, म्हणून यानेच लावलं. घरात काळा दोरा सापडला नाही, लाल होता. थोरला चिडला, लोक हसतील म्हणाला. हाही काही कमी नव्हता. "नको असेल तर घालू नकोस, आणि जा कुठे जायचं तिकडे," असं तोंडावर बोलला. थोरला तोच शर्ट घालून बाहेर पडला. संध्याकाळी आला नाही, तेव्हा शेजारी म्हणाले, फुगून गेलाय, येईल दोन दिवसांत. घरच्यांनाही तेच खरं वाटलं. सहा दिवस त्यांनी शोधलंच नाही.

"मीच म्हणालो, वहिनी, फुगू दे त्याला," पोरगा म्हणाला. "मीच."

"गप बसा, भाऊजी. येतील ते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

फुगणं, हा शब्द मी आधी ऐकला होता. त्या मुठीत मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याशी बोलता येत नाही, आणि मलाही कोणाशी बोलता येत नाही.

अर्ध्या तासाने त्याने मला परत दिलं. मामाने मला आत सरकवलं, 'हो' दाबलं. पडदा उजळला. "पटपट बघ पोरा. चेहरा बघायचा, हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हणालास की मी त्याचे बाकीचे ढकलणार. ही कधी जाईल नेम नाही."

पहिला म्हातारा होता. नाही. दुसरा, नाही. तिसरी बाई होती. चौथ्याला दाढी होती. पाचवा, नाही. सव्विसाव्या फोटोवर कालव्यातला माणूस आला.

पोरगा वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने श्वास सोडला. "नाही. हा नाही. दादा एवढा जाड नाही."

बाकावर वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सुटल्यासारख्या रडल्या. मामा पण जरा हसला. "बघा, उगाच घाबरत होता," तो म्हणाला आणि पुढचं बटण दाबू लागला. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

मला माहीत होतं तिसाव्या फोटोवर काय आहे. आणि मला हेही माहीत होतं, की मी मधेच विझणारा आहे. सगळ्यांना माहीत होतं. तिथे विझलो असतो तर मला कोणी एक शिवी दिली असती, बाकी काही नाही. ती दोघं घरी गेली असती. दादा फुगून कुठेतरी बसलाय, येईल, असं म्हणत म्हातारी झाली असती. दर वेळी दार वाजलं की उठली असती.

मी थोरल्याची पिशवी दाराबाहेर जाताना बघितली होती. अजून विचारतोय, कुठे नेली.

तिसाव्यावर मी अडखळलो. दमून की मुद्दाम, ते विचारू नका. मामाने बटण दाबलं, कॅमेरा हलला नाही. पडद्यावर काळा शर्ट तसाच राहिला.

"थांबा," पोरगा म्हणाला.

"अरे, याला नाही म्हणालास ना तू?"

"थांबा, मामा."

त्याने कॅमेरा मामाच्या हातातून काढून घेतला. फोटो मोठा केला, अजून मोठा केला. फोटो मोठा करायला माझं जास्त जातं. लाल दोरा पडदाभर झाला. त्याने त्या बटणाच्या वर उचललेल्या बाजूवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला, आता बसेल अशा हिशोबाने.

"भाऊजी, काय झालं?" वहिनींनी विचारलं. त्या उठल्या, त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

थोरला सांगायचा, थोडं राखून ठेव. त्याचं मी सगळं ऐकलं, एवढं सोडून. तळाशी जे काही होतं ते मी त्या पडद्याला दिलं, आणि त्या दोघांचं बघून होईपर्यंत त्याला विझू दिलं नाही.