पल्याडची

"तुह्या हापिसात साऱ्या दुनियेचे आजे-पणजे सापडतेत म्हणते, मंग माह्या मायचं नाव काहून नाई सापडत गा?"

यमुताईंनी चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबवली आणि मुलाकडे पाहिलं. प्रेमानंद डबा पिशवीत ठेवत होता. हुडकेश्वरहून कचेरी गाठायला स्कूटरनं चाळीस मिनिटं लागत, आणि साडेनऊ तर इथंच वाजले होते.

"पाहून राहिलो ना, माय."

"आठ दिस झाले, पाहूनच राहिला."

यमुताईंचं हृदय वीस टक्केच चालतंय, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं. आता घरीच ठेवा, त्यांना काय हवं ते द्या, असंही सांगितलं होतं. यमुताईंना खायला-प्यायला काहीच नको होतं. त्यांना आपल्या आईचं माहेरचं नाव हवं होतं.

"गोपिका म्हणून सांगत आली मी तुम्हाले," त्या पुन्हा सुरू झाल्या, "पण ते सासरचं. लगीन झालं का पोरीचं नाव बदलवत तेव्हा. बापानं काय ठेवलं होतं, कोण्या आडनावाची, कोण्या गावची, काहीच मालूम नाई. मी तीन वर्साची होती, ते मेली. चौऱ्याऐंशी वर्सं झाले मले, पण मामाचं गाव कोणतं ते सांगता येत नाई."

मग नेहमीसारखी ती एक आठवण. यमुताई पाच-सहा वर्षांच्या असताना कोणी एक माणूस मांडव्याला, त्यांच्या बापाच्या गावी, अंगणात आला होता. उभ्या उभ्या आईचं नाव घेऊन रडला होता.

"माहेरचं नाव घेतलं गा त्यानं. या कानानं आयकलं मी. पण ध्यानात नाई राह्यलं."

हे सांगताना त्यांचा आवाज अपराध्यासारखा व्हायचा. प्रेमानंदला ते ऐकवत नसे. त्यानं स्कूटरची किल्ली घेतली आणि तो निघाला.

प्रेमानंद गजभिये एकतीस वर्षं अभिलेख कक्षात कारकून होता. जातीच्या दाखल्यासाठी लोकांना पन्नास सालाआधीचा पुरावा लागे, आणि तो गावोगावच्या कोतवाल पंजीत मिळे. कोतवालानं ठेवलेली जन्म-मृत्यूची वही ती. लोक रडकुंडीला येऊन त्याच्या टेबलाशी उभे राहत. तो जुनी पानं हलक्या हातानं उलटायचा, ओळीवरून बोट फिरवायचा, आणि कोणाचा तरी पणजोबा सापडायचा. एकदा एक म्हातारा पणजोबाचं नाव पाहून तिथंच खाली बसला होता.

मांडव्याची पंजी त्यानं पहिल्याच दिवशी काढली होती. नोंदी दोन्ही सापडल्या होत्या. एक्केचाळीस सालच्या पानावर: 'सोमा वल्द चिंधू, मुलगी.' ही यमुताई. चव्वेचाळीसच्या पानावर: 'औरत सोमा वल्द चिंधू, वय २२, ताप.' ही गोपिका. बस, एवढंच. जन्मली तिचं नाव नाही, मेली तिचं नाव नाही. वल्द म्हणजे मुलगा. सोमा कोणाचा मुलगा, हे मात्र दोन्हीकडे नीट लिहिलेलं होतं.

अशा किती ओळी त्यानं आजवर वाचल्या असतील. बापाचं नाव दिसलं की काम झालं, असं समजून तो पुढं जात आला होता. आज त्यानं ते पान पुन्हा उघडलं. खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं.

"सर, औरत म्हणूनच राहते ते," शेजारच्या टेबलावरची दिपाली म्हणाली. "मी पण माह्या आजीचं पाह्यलं होतं." आणि ती आपल्या फायलीकडे वळली.

बावन्न सालची मतदार यादी पाहून झाली. तोवर गोपिका मरून आठ वर्षं झाली होती. यमुताईंच्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावाचा रकानाच नव्हता. आता राहिले होते एकटे चंपतराव.

चंपतराव म्हणजे यमुताईंचे सावत्र भाऊ. उमरेडला राहायचे. आयुष्यभर हातमागावर बसले, आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. रविवारी प्रेमानंद एसटीनं उमरेडला गेला. मामी, मीराबाई, यांनी सासऱ्याची लोखंडी पेटी पुढं ओढून दिली. पेटीत विणकर सोसायटीचं कार्ड होतं, घराच्या टॅक्सच्या पावत्या होत्या, छप्पन साली दीक्षाभूमीवर जाताना सोमानं शिवून घेतलेला पांढरा सदरा होता. एक फोटो होता, त्यात सोमा आणि त्याची दुसरी बायको, मांडीवर चंपत. प्रेमानंदनं पेटीच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागदही उचलून पाहिला.

"तिचं काई नाई राह्यलं, भाच्या," मीराबाई म्हणाल्या. "माह्या सासूबाई सांगे, पयली होती ते वैनगंगेच्या पल्याडची. नाव कोणी घेतच नसे तिचं. पल्याडची, पाणी आण. पल्याडची, भाकर टाक. असंच."

"पल्याड म्हंजे कुठं, मामी? लाखांदुरकडं का साकोलीकडं?"

"पल्याड म्हंजे पल्याड. आता मी काय सांगू? नदी का लहान हाये?"

प्रेमानंद निघाला तेव्हा चंपतराव भिंत धरत धरत दारापर्यंत आले. मीराबाई आत गेल्या आहेत का, याचा त्यांनी कानोसा घेतला.

"भाच्या, एक गोठ हाये. यमुबाईले सांगू नको." मग थांबून म्हणाले, "नाई, सांग. आता सांगूनच टाक."

"काय मामा?"

"बाईचं लगीन झालं ना, त्याच्या दुसऱ्या साली तो माणूस पुन्हा आलता. गोपिकामायचा भाऊ. बाईसाठी लुगडं घेऊन आलता. भाचीचं लगीन झालं म्हणून आयकलं, म्हणे. आमच्या बापानं उंबरा नाई ओलांडू देला. ते मेली, नातं खतम, म्हणे. अन् मले म्हणे, यमुले बोलशीन त तंगडं तोडीन."

"तुम्ही किती वर्सांचे होते?"

"बारा. पण मंग बाप मेला, माय मेली, तरी मी बोललोच नाई. साठ-पासष्ट वर्सं झाले. दरवर्सी बाई राखी बांधाले ये, मी तोंड नाई उघडलं. लाज वाटे गा."

"त्यायनं नाव सांगतलं असन ना? गाव?"

"सांगतलं असन." चंपतरावांनी रिकाम्या डोळ्यांनी रस्त्याकडं तोंड केलं. "बापानं हाकललं, तरी मी पाणी आणाले आत गेलतो. लोटा घेऊन आलो, त तो निंगून गेलता."

एसटीत प्रेमानंदला बसायला जागा मिळाली नाही. त्यानं पूर्ण रस्ता दांडी धरून उभ्यानं काढला.

घरी त्याची बायको सरिता भाजी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मी काय म्हणते, काईतरी आडनाव सांगून द्या ना. लाखांदुरच्या मेश्रामाची होती म्हणा. आईले बरं वाटन. इथं कोण तपासाले येते?"

प्रेमानंदला ते पटलं. एकतीस वर्षांत, पंजीत एक अक्षर घालून द्या म्हणून किती जण हात जोडून गेले होते, आणि त्यानं कोणाचं ऐकलं नव्हतं. पण ही पंजी नव्हती, ही त्याची आई होती. मेश्राम, लाखांदूर. पायऱ्या चढताना त्यानं दोन्ही शब्द घोकून घेतले.

यमुताई उशांना टेकून बसल्या होत्या. निजलं की दम लागायचा. त्याला पाहताच त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं ते तोंड त्या क्षणी लहान पोरीसारखं वर झालं होतं, आणि प्रेमानंदच्या ओठांवर आलेलं नाव तिथंच अडलं.

"नाई सापडलं, माय."

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना ते ठाऊक होतं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. प्रेमानंदला राहवलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि चंपतरावांनी सांगितलेलं त्यानं सांगितलं. बापानं हाकललं ते सांगितलं नाही, तू घरी नव्हती म्हणून परत गेला, असं सांगितलं.

यमुताईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"दुसऱ्या खेपेले आलता?"

"हो."

"माह्यासाठी?"

"तुह्यासाठीच, माय. लुगडं घेऊन."

"कोण्या रंगाचं?"

हे त्यानं विचारलंच नव्हतं. चंपतरावांना आठवतही नसेल. आईचे डोळे त्याच्यावर खिळले होते.

"हिरवं," तो म्हणाला.

"हिरवं." यमुताईंनी तो शब्द सावकाश उच्चारला. "नव्या नवरीले हिरवंच आणते माणूस. त्याले समजत होतं."

त्या दिवसानंतर त्यांनी नावाचं विचारलं नाही. प्रेमानंदला वाटलं होतं, याचं बरं वाटेल. पण रोज सकाळी डबा भरताना तो त्या प्रश्नाची वाट पाहायचा आणि प्रश्न येत नसे. नवव्या दिवशी दुपारी, सरिता पाणी पाजत असताना, यमुताई गेल्या.

मृत्यूच्या दाखल्यासाठी तो नोंदणीच्या खिडकीवर उभा होता. आत बसलेली मुलगी भराभर टाइप करत होती. नाव, वय, पत्ता, बापाचं नाव झालं.

"मयताच्या आईचं पूर्ण नाव?"

"गोपिका."

"गोपिका... पुढं?"

"पुढचं मालूम नाई."

"सासरचं टाकू का, काका?"

प्रेमानंदनं नकारार्थी मान हलवली.

"मंग आडनाव निरंक टाकू?"

हा शब्द त्यानं स्वतः हजारो अर्जांवर लिहिला होता. काही नाही, म्हणून निरंक.

"निरंक नको, बेटा. होतं आडनाव. आपल्याले मालूम नाई फक्त. गोपिका एवढंच राहू दे."

मुलीनं खांदे उडवले. यंत्र घरघरलं आणि तिनं कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "बरोबर हाये का पाहून सही करा."

कागद अजून गरम होता. मागं रांग वाढली होती, कोणीतरी खाकरलं. 'आईचे नाव' असं छापलं होतं आणि त्याच्यापुढं तो एकच शब्द. प्रेमानंदनं ती ओळ एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मुलीकडे पेन मागितला.