बाबांचा पट्टा

आमच्या काहनावागे या मूळनिवासींच्या गावात बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी न्यूयॉर्कला उंच इमारतींचे पोलादी सांगाडे उभारायला जातं. माझे बाबाही जातात. शनिवारी ते घरी होते, तेव्हा मी न्याहारीलाच सांगून टाकलं, "शाळा संपली की मी शिकाऊ कामगार होणार!"

"कॉलेजात जा गुपचूप."

"कॉलेजला आपण पैसे भरायचे. इथे शिकतानाच पगार! आधी तुमच्या निम्मा, मग वाढत वाढत तुमच्याएवढा. मुलगी म्हणून एक डॉलर कमी नाही."

"आणि इमारत पूर्ण झाली की घरी बसायचं."

"तुम्ही बसता की! आम्ही उपाशी मेलो का?"

आई फिस्सकन हसली. बाबा नाही हसले. त्यांनी आपला हत्यारांचा पट्टा माझ्यापुढे टाकला. "हा बांधून अंगणातला पोलादी खांब चढून दाखव. भरतीच्या परीक्षेत असाच खांब असतो. नाही जमलं तर विषय बंद."

बाप रे, काय वजन होतं! अर्ध्यावर पान्याचा दांडा डाव्या कोपराला अडकला आणि मी सरळ खाली घसरले. तळवे सोलवटले. बाबांनी माझ्या कमरेचा पट्टा सोडला. संपलं सगळं, मला रडूच फुटलं.

बाबा पायरीवर बसले. त्यांनी पट्ट्यातून पाना, बोल्टांची पिशवी, सगळं ओढून काढलं आणि उलट्या बाजूंनी परत ओवलं.

"डावखुरी आहेस ना, पाना उजवीकडे हवा," ते म्हणाले. "डोळे पूस, कार्टे. आता गुडघ्यांनी नको, बुटांच्या कडांनी चढ. मी खाली उभा आहे."