तीजामायच्या बहिणी

चौथी कुंडी छकड्यात ठेवली आणि पाचवी उचलायला वाकलो, तर तिच्यामागं उंदीर मरून पडलेला. तोवर माझं हसू मिशीत मावत नव्हतं. ते तिथंच विरलं.

आत तीजामाय माळ जपत बसली होती. जवरीलाल कापडवाल्याची आई, वय साठीच्या पुढं. दुपारची माळ सुरू झाली की घर लुटलं तरी ती उठायची नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर ही वेळ धरली होती. पाचवी कुंडी छातीशी धरली, छकड्यात टाकली आणि बैलांना हाकललं. भर दुपारी, आमच्या सगळ्या खापर गावातून. पण बघायला गावात होतं कोण?

प्लेग आला होता. दवंडी पिटून आठ दिवस झाले होते. सगळं गाव नदीपलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. जवरीलाल बायको-पोरांना घेऊन गेला, पण आई हलेना. रोज दारात उभा राहून हात जोडायचा आणि रोज एकटा परत यायचा.

आदल्या दिवशी मीही गेलो होतो.

"माय, उंदीर पडी ऱ्हायनात. चाल."

"मांगला साल तूच सांगेल व्हतं, कलेक्टर ई ऱ्हायना. बठ्ठं गाव सडकवर उभं. उना का कलेक्टर?"

हार घेऊन पाटील दोन तास उन्हात उभा होता, ते आठवून मला तेव्हाही हसू आलं. ते तिनं पाहिलं.

"देख, हसी ऱ्हायना. तुन्हा उंदीर बी तसाच."

"बरं, मन्हं नको ऐकू. पोऱ्यानं तं ऐक."

"कशी येऊ? बहिनी आजारी शेतस मन्ह्या. आजारी बहिनीसले टाकी कशी जाऊ?"

बहिणी म्हणजे त्या पाच कुंड्या. आपली कोरफड, ती ग्वारपाठा म्हणायची. लग्न होऊन मारवाडातून आली तेव्हा ओल्या फडक्यात एक फुटवा बांधून आणला होता. त्याच्या पाच कुंड्या झाल्या. तिकडं राहिलेल्या पाच बहिणींची नावं तिनं त्यांना दिली होती. जडाव, भंवरी, अशी. चाळीस वर्षांत एकीचंही तोंड तिला दिसलं नव्हतं. आणि आता पाची कुंड्यांतली पानं पिवळी, मऊ पडून मान टाकत होती. रोज सकाळी ती बोटांनी एकेक पान वर उचलून धरायची. सोडलं की पान पुन्हा खाली.

तर मी त्या बहिणी पळवल्या. जवरीलालच्या झोपडीपुढं ओळीनं मांडल्या आणि बिडी पेटवून वाट बघत बसलो.

दिवस कलला तशी ती आली. काठी टेकत, धुळीनं माखलेली, पदर खांद्यावर. डोकं उघडं टाकून तीजामाय चारचौघांत आली, असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. कुणी हसलं नाही.

"भामटा, मन्ह्या बहिनी कोठे लई गया तू?"

"आठेच शेतस. पाचीबी."

तिनं आधी कुंड्या मोजल्या. मग काठी उचलून मला दोन हाणल्या, चांगल्या जोरात. मग तिथंच मातीत बसली. सून पाणी घेऊन आली, तर त्यातलं निम्मं तिनं जडावच्या कुंडीत ओतलं. तिला गावात परत न्यायला पाय उरले नव्हते, आणि कुंड्या परत न्यायला मी छकडा देणार नव्हतो. उंदराचं मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या तोंडचं खरं कोण मानणार?

माळावर पाणी नदीवरून डोक्यानं आणावं लागे. तिसऱ्या दिवशी सुनेनं कुंड्यांना पाणी द्यायला नाही म्हटलं. तीजामाय रुसून बसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"कितलं पानी देस तू यास्ले?"

"सकाय, दुपार, संध्याकाय. लोटा लोटा."

"इतलं?"

"माहेरमा पानी कोठे व्हतं रे? मन्ही माय आयतवारले एक ओंजय दे. आठे घरमा पानीनी हीर शे. मग बहिनीसले पानीबिगर काबरं ठेवू?"

मी भंवरीची कुंडी उलटी केली. मातीचा चिखल झाला होता, मुळं काळी पडली होती. झाड उचललं तर खालचा बुंधा कुजून माझ्या हातातच आला.

तीजामायनं तो कुजका बुंधा नाकाशी धरला.

"मीच बुडाडी तिले," म्हणाली.

माझ्याजवळ कुठल्याही वेळेला एक तरी थट्टा तयार असते. त्या वेळी नव्हती.

उरलेल्या चौघींची मुळं पुसली, सडलेली कापून टाकली आणि झोपडीच्या बांबूला मुळं वर करून टांगल्या. आपल्याकडं दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतात तशा. ना माती, ना पाणी. ती रोज खाली बसून वर बघायची. दोनदा मी तिला लपवून लोटा उचलताना पकडलं. महिनाभरात कापल्या जागा वाळल्या, पानं ताठ झाली. चौघीही जगल्या.

होळीच्या आधी गाव परत गेलं. तीजामायच्या डाव्या हाताच्या घराला कुलूपच राहिलं, उघडायला कुणी उरलं नव्हतं. उजव्या घरातली दोघं प्लेगानं नेली होती. ती दोन्ही दारांकडं बघत उभी राहिली आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं.

उन्हाळ्यात एकदा दुपारी झोपून उठलो, तर दारापुढं गर्दी आणि खिदळणं. चौकटीला लाल दोऱ्यानं एक कोवळा ग्वारपाठा टांगलेला, मुळं वर. समोर तीजामाय, पदर तोंडावर धरून हसू दाबतेय. मी घोरत असताना स्टूल लावून चढली होती म्हणे.

"जडावनी पोर शे," म्हणाली. "पानी दिधं तं देख."

पुढच्या वर्षी ती गेली. प्लेगानं नाही, वयानं.

पोर अजून चौकटीला आहे. उन्हाळ्यात पानं जरा बारीक होतात, सुरकुततात. तेव्हा माझा हात लोट्याकडं जातो. भरलेला लोटा घेऊन मी दारात उभा राहतो, वर बघतो, आणि ते पाणी मीच पिऊन टाकतो.